वाचून दाखवलं का?

"ताई, माझे पप्पा दारू पीत नाहीत."

फोन उचलल्यावर पहिलं वाक्य हेच. ना नमस्कार, ना कशा आहात. कुकरच्या शिट्ट्या मोजत मी ओट्यापाशी उभी होते. आवाज ओळखला, पण संदर्भ लागेना. मी म्हटलं, "कोण म्हणतंय पितात?"

"तुम्हीच लिहिलंय."

ही गोष्ट जुलै २०२३ मधली. फोन करणारी मुलगी तेव्हा नुकतीच अकरावीला लागली होती. बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेच्या वसतिगृहात ती वाढली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड उचलायचं आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, फडातच राहायचं. सांभाळायला घरी म्हातारं माणूस नसेल तर पोरंही बरोबर जातात आणि शाळा मध्येच तुटते. त्या सहा महिन्यांत मुलांना गावाकडेच ठेवून घेणं, जेवूखाऊ घालणं, रोज शाळेत धाडणं, एवढं एकच काम ही संस्था करते. मी पुण्यात नोकरी करते आणि २०१५ पासून संस्थेचं 'ऑनलाइनचं' बघते: फेसबुकचं पेज, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप, देणगीच्या पावत्या, वर्षाचा अहवाल. हे काम मला मनापासून आवडतं. म्हणून तर तो फोन इतका लागला.

तिने स्क्रीनशॉट पाठवला. फोटो डिसेंबर २०१६ चा, मीच काढलेला. उसाच्या पाचटाची कोपी, समोर विझत आलेली चूल, आणि नऊ वर्षांची ती मांडीवर धाकट्या भावाला घेऊन बसलेली. थंडीने ओठ फुटलेले. केसांत धूळ. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय, घाबरलेली नाही, हसतही नाही. खाली मी लिहिलेला मजकूर: वडील व्यसनी, आई दिवसभर फडात, या चिमुकल्या हातांत कोयता द्यायचा की पुस्तक, हे तुमच्या पाचशे रुपयांवर ठरणार आहे.

आई फडात होती, हे खरं. कोयत्याचं म्हणाल तर पाटी-पुस्तक तिच्या हातात त्या वर्षी आलंच होतं, कारण फोटो काढला त्याच आठवड्यात ती वसतिगृहात दाखल झाली. वडील व्यसनी, हे मात्र दुसऱ्याच एका मुलाच्या घरचं. आम्ही तीन मुलांच्या हकिकती एकात मिसळल्या होत्या. कुणा एकाच घरातलं उघडं पडू नये म्हणून असं करतोय, अशी आमची समजूत होती. त्याला आम्ही 'प्रातिनिधिक कथा' म्हणायचो. कथा तिघांची आणि चेहरा एकटीचा, यात काय घडतंय हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पोस्ट धो धो चालली. चार दिवसांत वसतिगृहाच्या त्या हंगामाच्या धान्याचे पैसे जमले. आम्ही एकमेकांना पेढे दिले होते, हेही आठवतं.

"तुला हे आता कुठून मिळालं?" मी विचारलं.

"कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं. पण मला आधीच माहीत होतं, ताई. पप्पांना त्याच वर्षी कळलं. मुकादमानं टोळीत वाचून दाखवलं होतं."

संध्याकाळी तोड आटोपून कोप्यांपुढे शेकोटी पेटलेली, पंधरा-वीस माणसं भोवती, आणि मुकादम मोबाइल समोर धरून मोठ्याने वाचतोय. तिचे वडील दुसरीपर्यंत शिकलेले. आम्ही त्यांच्याविषयी लिहिलं, पाचशे रुपये मागितले, मिळवले, आणि ते वाचून कुणी दाखवलं, तर मुकादमाने. टोळी नेणाऱ्या, ज्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, अंगावर आहे त्या मुकादमाने. मग मला आठवलं, की पुढच्या वर्षापासून पालकसभेला तिचे वडील येईनासे झाले होते. चुलता यायचा. आम्ही रजिस्टरमध्ये लिहायचो, 'वडील गैरहजर'.

पोस्ट त्याच रात्री काढून टाकली. पण काढली म्हणजे काय, तर आमच्या भिंतीवरून उतरवली. सात वर्षांत ती किती जणांच्या मोबाइलमध्ये गेली, कुणी कुठल्या नावाने पुढे ढकलली, याचा पत्ता कुठे लागणार?

सुटलेला फोटो किंवा व्हिडिओ काय करू शकतो याचं एक उदाहरण त्या आठवड्यात माझ्या मनातून हलत नव्हतं. कराचीत हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी लोकजागृतीची एक छोटी फिल्म बनवली होती. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलतात, आणि थोड्या वेळाने परत येऊन मुलाला सोडतात. हातात फलक असतो, की मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. हेतू चांगलाच होता. कुणीतरी शेवटचा फलकाचा भाग कापला आणि उरलेला तुकडा २०१७-१८ मध्ये भारतभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय म्हणून. अशा अफवांनी त्या दोन वर्षांत ठिकठिकाणी माणसं मारली गेली. आपल्याकडे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट असलेले लोक होते. राईनपाड्याला कुठला मेसेज पोचला होता हे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्या मनात आहे ती कराचीची संस्था. मुलांना वाचवायला केलेली फिल्म, आणि शेवटची काही सेकंदं गळून पडल्यावर तिचं काय झालं. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

त्या वर्षी आमचे कार्यकर्ते मुलांची यादी करायला वस्त्यांवर गेले तर बायांनी पोरं घरात ओढली. "फोटू काढायचा न्हाई." आम्ही तेव्हा याला अडाणीपणा म्हटलं. ते शहाणपण होतं.

मग फोटो टाकायचेच कशाला, असं कुणी विचारेल. पैशासाठी. हे सरळ सांगते, कारण त्याभोवती उगाच पडदे धरले जातात. साठ मुलांना सहा महिने दोन वेळचं जेवण, साबण, तेल, अंथरूण, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, आणि रात्री ताप आला तर तालुक्याला न्यायला जीप. सरकारी योजना आहेत, हंगामी वसतिगृहांची आहे, शासकीय वसतिगृहांची आहे. पण त्यांचे पैसे यायचे तेव्हा येतात आणि मुलं दिवाळीनंतरच्या सोमवारी दारात उभी असतात. पूर्वी हे सगळं ओळखीवर चालायचं. एखादे निवृत्त मास्तर पुण्या-मुंबईच्या घरांतून पावतीपुस्तक घेऊन फिरत. वर्तमानपत्रात छापून आलं तर वर्षभराची सोय होई. गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देणाऱ्या 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रमाने कितीतरी संस्थांना असा हात दिला आहे. पण तिथे जागा दहाच. बाकीच्यांनी काय करायचं? फेसबुकला जागेची अडचण नव्हती. आमच्यासारख्या आडवळणाच्या संस्थेला पहिल्यांदाच कुणाच्या ओळखीशिवाय लोकांपुढे उभं राहता आलं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही.

मात्र आठ-नऊ वर्षं पावत्या फाडल्यावर, म्हणजे आता संगणकावर काढल्यावर, एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. रडवणाऱ्या पोस्टवर आलेला देणगीदार बहुधा परत येत नाही. परत येतो तो, ज्याला आपण हिशोब पाठवतो. ज्वारी किती लागली, गॅसच्या टाक्या किती, कोणत्या मुलांना चष्मे लागले (नाव न सांगता), आणि यंदा किती मुलं मध्येच आईबापांकडे निघून गेली. हा शेवटचा आकडा सांगायला संस्थेच्या सरांचा आधी विरोध होता. सांगितल्यावर एकही देणगीदार गळला नाही, उलट दोघांनी फोन करून विचारलं की ती का गेली. एक जण तर सुट्टी काढून बघायला आला.

क्यूआर कोडची गंमत वाटली होती सुरुवातीला. पोस्टरवर चौकोन छापला की लोक चहाच्या टपरीवरूनही एकावन्न रुपये पाठवतात. पण यूपीआयने आलेल्या पैशाला बँकेच्या खात्यात अर्धवट नाव असतं, नाहीतर नुसता नंबर. आणि २०२१-२२ पासून आयकरातली ८० जी ची सवलत द्यायची तर प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखी ओळख फॉर्म १० बीडी मध्ये भरून ३१ मेच्या आत द्यावी लागते, त्याशिवाय त्याला प्रमाणपत्र निघत नाही. दर मे महिन्यात मी या अनोळखी एकावन्न रुपयांच्या मागावर असते. "नमस्कार, तुम्ही १४ नोव्हेंबरला आमच्या मुलांसाठी पैसे पाठवले होते का?" समोरचा आधी घाबरतो. त्याला वाटतं फसवणुकीचा फोन आहे. त्याचा दोष नाही, काळच तसा आहे. म्हणून आता आम्ही क्यूआरच्या खाली छोटा फॉर्म देतो आणि त्यात स्पष्ट लिहितो की पॅन कशाला हवं आणि ते कुणाकुणाला दिसेल.

आणखी एक सांगायला हवं, कारण परदेशातल्या मराठी माणसांचा यात गैरसमज होतो. न्यू जर्सीहून एक काका दरवर्षी पोस्ट बघून लिहितात, पाचशे डॉलर पाठवतो, खाते क्रमांक द्या. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. मग ते पैसे कायद्याने 'विदेशी योगदान' ठरतात. त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. आमची ती नोंदणी नाही. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, भारताचा पासपोर्ट असलेल्या मुलाचे पैसे मात्र चालतात. काकांना नाही म्हणताना दरवेळी वाईट वाटतं. त्यांना मुलांनी काढलेली चित्रं पाठवते.

लोकांचा राग मुळात फोटोवर नसतो, हे मला १ मे २०१८ ला थोडं कळलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं, ते वर्ष. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि आमच्या बीडमधलं आंबेजोगाई अशा तीन तालुक्यांत सुरू झालेली स्पर्धा तोवर ७५ तालुक्यांत पोचली होती. शहरातल्या लोकांनी ऑनलाइन नाव नोंदवायचं, 'जलमित्र' व्हायचं आणि महाराष्ट्र दिनी एखाद्या गावात जाऊन श्रमदान करायचं. मीही गेले. चर खणताना माझ्या हाताला फोड आले, आणि शेजारची बाई टिकाव तसाच रोवून पदर सारखा करत म्हणाली, "ओ ताई, माझा काढा की एक." फोटो काढला. तिने तो बघितला, पसंत पडला नाही, दुसरा काढायला लावला. मग म्हणाली, "आता पाठवा आमच्या ग्रुपवर." गावाच्या ग्रुपवर असे शेकडो फोटो होते. कुणाच्याही चेहऱ्यावर 'आम्हाला मदत करा' नव्हतं. हे फोटो त्यांनी स्वतः निवडले होते आणि कोण बघणार हेही त्यांना माहीत होतं.

आमच्या संस्थेने इंटरनेटचा सगळ्यात चांगला उपयोग केला तो २०२० च्या मार्चमध्ये, आणि त्याची एकही पोस्ट नाही. शाळा बंद झाल्या, पाठोपाठ टाळेबंदी आली, आणि मुलं इकडे तर आईबाप सांगली-कोल्हापूरकडे, काही पार कर्नाटकात अडकले. सरांनी गुगल शीटवर एक तक्ता केला. मुलाचं नाव, टोळी, कारखाना, फडाच्या जवळचं गाव, मुकादमाचा नंबर, धान्य किती दिवसांचं उरलंय. सात जण वेगवेगळ्या ठिकाणांहून त्यात भर घालत होते. मुकादमाला म्हणायचं, लोकेशन टाका. ते आलं की त्या भागातल्या ओळखीच्या कुणालातरी पाठवायचं, पीठ-मीठ पोचवायला. आणि रात्री आठ वाजता मुलांचे आवाज. प्रत्येकाने अर्धा मिनिट बोलायचं, ते रेकॉर्ड करून मुकादमाच्या फोनवर. तिकडून आयांचे आवाज यायचे. एक आई काही बोलायचीच नाही, नुसता श्वास ऐकू यायचा, मग मागून कुणीतरी म्हणायचं, "आगं बोल की." तिचा मुलगा ते अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा लावून ऐकायचा. एप्रिलच्या मध्यावर सरकारने टोळ्यांना गावी परतायची परवानगी दिली, तेव्हा कोणती गाडी कुठून निघाली हे आमच्या तक्त्यात मिनिटागणिक चढत होतं. सगळी माणसं पोचल्यावर सरांनी तो तक्ता बंद केला आणि नंबर पुसून टाकले. नंबर कशाला पुसले, पुढच्या वर्षी लागतील, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "त्यांनी त्या कामापुरते दिले होते."

हे वाक्य मला २०२३ च्या त्या फोननंतर समजलं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे, कुठलाही मेसेज तारखेशिवाय जाणार नाही. ही जुनी ठेच होती. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात मी दूध पावडरीचं आवाहन पुढे पाठवलं होतं आणि मग खाली दिलेल्या नंबरवर फोन केला, तर तिकडचा मुलगा थकल्या आवाजात म्हणाला, "ताई, ती गरज चार दिवसांपूर्वी संपली. आता झाडू आणि फिनेल लागतंय." दुसरी गोष्ट म्हणजे, ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला तो मजकूर आधी वाचून दाखवायचा. सही घेऊन चालणार नाही. सह्या आमच्याकडे २०१६ मध्येही होत्या, प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात. मोठ्याने, त्याच्या समोर, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायचं. मग पोस्ट. आता ग्रुपवर मसुदा टाकला की सर एवढंच विचारतात, "वाचून दाखवलं का?"

याने वेळ जातो. पण मजकूर किती सुधारतो हे बघून मीच थक्क झाले. गेल्या हंगामात एका आईविषयी लिहिलं होतं, 'भूमिहीन, गरीब कुटुंबातली'. फडाच्या बांधावर बसून तिला वाचून दाखवलं. मोळीची दोरी वळता वळता ती ऐकत होती. म्हणाली, "भूमिहीन न्हाई. दीड एकर हाये, पाणी न्हाई त्याला." मी लिहून घेतलं. "अन् गरीब ते काढा. नवरा-बायकू मिळून दिसाला दोन टन तोडतो आमी, ते लिवा." तसंच लिहिलं.

फोन करणाऱ्या त्या मुलीच्या वडिलांकडे मात्र जायला मला महिना लागला. ऑगस्टमध्ये गेले, सर बरोबर होते. गाव डोंगराच्या कुशीत, त्या वर्षी पावसाने दडी मारलेली, कापूस गुडघ्याएवढाही नव्हता. त्यांनी घोंगडी अंथरली, चहा सांगितला. मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. म्हटलं, "दादा, आम्ही चुकीचं लिहिलं. तुम्हाला विचारलं नाही. माफी मागायला आलेय." ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले. मी म्हटलं, आम्ही फेसबुकवर तसं जाहीर लिहू का? मग लगेच कळलं, की त्यासाठी पुन्हा कुणाविषयी ते सांगावं लागणार. ते म्हणाले, "तिथं नगं. मुकादमाला फोन लावा."

मी त्यांच्याच फोनवरून लावला, स्पीकरवर. मी संस्थेची, सात वर्षांमागे अमुक लिहिलं होतं, ते खोटं होतं, हा माणूस पीत नाही, चूक आमची होती. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, "मला ठाव हाये ओ ते. तरी बरं झालं सांगितलं. टोळीत सांगतो." बाजेवर बसलेल्या तिच्या आईने पदराने तोंड पुसलं.

निघताना त्यांनी विचारलं, "तो फोटू हाये का अजून?"

मी घाईने म्हटलं, नाही, नाही, सगळीकडून काढलाय.

"काढला व्हय," ते म्हणाले. "दोगं बी व्हते त्यात. बारकेपणीचा तेवढाच हाये."

पुण्याला आल्यावर जुनी हार्ड डिस्क शोधली. सापडला, मूळ फोटो, वर काही न लिहिलेला. स्टुडिओत मोठी प्रत काढली, साधी लाकडी चौकट केली. मागच्या पुठ्ठ्यावर दोघांची नावं लिहिली आणि 'डिसेंबर २०१६'. धान्याची गाडी जायची होती, तिच्यात ठेवायच्या आधी फोन केला.

"दादा, मागं एवढंच लिहिलंय," म्हटलं, आणि वाचून दाखवलं.

"हां," ते म्हणाले. "बराबर हाये."